इंद्रायणी नव्हे, ‘इतर’

२० जुलै २०२३, गुरुवार. अधिक श्रावणाचा तिसरा दिवस. ‘अधिकात नवं काही काढू नये’ हे आईचं सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं. नवं काहीच नव्हतं. दुबईतल्या एका मराठी दुकानदाराला जाणारा तो आमचा तिसरा कंटेनर. कामशेतच्या गिरणीतून भरडून आलेला १८ टन इंद्रायणी तांदूळ, दहा-दहा किलोच्या पिशव्यांत. गणपतीआधी माल पोचवायचा शब्द दिला होता.

साध्या तांदळावर सप्टेंबर २०२२ पासून २० टक्के निर्यात शुल्क होतंच. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज, आदल्या दिवशी टाकलेलं, दुपारी सव्वाचारला मार्केट यार्डातल्या ऑफिसातून शुल्काचे २ लाख १६ हजार भरले आणि निवांत चहा घेतला. गाडी तेव्हा घाटात होती. आदल्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती, खालापूरच्या बाजूला पाऊस हटत नव्हता. गाडी उशिरा पोचेल याबद्दल तक्रार करायची त्या दिवशी लाज वाटली.

न्हावा शेव्याच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीखालच्या कंटेनर यार्डात, कंटेनरची नोंद झाली रात्री १० वाजून ४० मिनिटांनी. सव्वाअकराला नानांचा फोन. नाना म्हणजे आमचे क्लिअरिंग एजंट, कस्टम्सची कागदपत्रं तेच बघतात. “ताई, बंदी आली. बासमती सोडून सगळा पांढरा तांदूळ बंद. लगेच लागू.”

देशात तांदूळ वर्षभरात साडेअकरा टक्क्यांनी महागला, म्हणून ही बंदी. कारण खोटं नाही, आणि आधी आपल्या लोकांचं ताट हेही मला पटतं. पण मावळची इंद्रायणी काही रेशनच्या दुकानात विकली जात नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून निघालेलं हे वाण १९८७ पासून शेतात आहे. घरात भात शिजला की शेजाऱ्यांना कळतं. कस्टम्सच्या यादीत मात्र तिला नावच नव्हतं. तेव्हा बासमतीला स्वतंत्र कोड होता, उकड्याला स्वतंत्र, आणि उरलेल्या सगळ्याला १००६३०९०, ‘इतर’. बंदी त्या ‘इतर’वर होती.

अधिसूचनेत सवलती होत्या. जहाजावर माल चढायला सुरुवात झाली असेल तर चालेल, अधिसूचनेच्या आधी माल कस्टम्सच्या ताब्यात गेला असेल आणि तशी वेळेची नोंद असेल तरी चालेल. आमची नोंद होती, पण उशिराची. दुसऱ्या दिवशी नानांनी पावसाचं कारण सांगून पाहिलं. अधिकारी सभ्य होते. म्हणाले, सिस्टीमला पाऊस दिसत नाही.

पुढचा आठवडा नुसता खर्चाचा. सीएफएसचं भाडं, कंटेनर अडकवून ठेवल्याबद्दल शिपिंग लाइनचा दंड, म्हणजे डिटेन्शन, दोन्हींचे मीटर रोज पळत होते. शेवटी माल बाहेर काढून पनवेलजवळच्या गोदामात उतरवला आणि रिकामा कंटेनर लाइनला परत दिला. याला धंद्यात ‘बॅक टू टाउन’ म्हणतात. नाव ऐकून सहलीहून परतल्यासारखं वाटतं. त्याच दिवसांत अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे तांदळासाठी लागलेल्या रांगांचे व्हिडिओ नातेवाईक मला पाठवत होते, वर ‘तुझी तर चांदी’ असं लिहून.

माझं म्हणणं होतं, बिल रद्द करू, भरलेलं शुल्क परत मागू आणि माल पुण्यातच विकून टाकू. नाना अडून बसले. “ताई, पैसे भरलेत ना? पावती जपा. घाई करू नका.” त्यांना आतलं काही माहीत होतं असं नाही. तीस वर्षं अधिसूचना वाचलेल्या माणसाची ती सवय होती.

२९ ऑगस्टला सुधारित अधिसूचना आली. २० जुलैच्या २१:५७:०१ च्या आधी ज्यांनी निर्यात शुल्क भरलं, त्यांनाही माल पाठवता येईल, ३० ऑक्टोबरपर्यंत. अगदी सेकंदासकट. माझी पावती १६:१५ ची. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती, आणि कित्येक दिवसांनी नारळीभात पुढे आल्यावर मला भाव आठवला नाही.

परवानगी आली म्हणजे माल निघाला, असं होत नाही. सव्वा महिना पावसाळी हवेत राहिलेल्या तांदळाच्या काही पिशव्यांत सोंडे निघाले. त्या बाजूला काढल्या, बाकीच्याला पुन्हा धुरी, पुन्हा मालात कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, पुन्हा कंटेनर भरणं. जुन्या शिपिंग बिलाचं गुऱ्हाळ तीन दिवस चाललं, त्यात शिरत नाही. हे सगळं होईपर्यंत गणपती बसले. कंटेनर हलला २३ सप्टेंबरला, गौरी गेल्या त्याच दिवशी.

दोनच दिवसांनी दुबईहून फोन. “मॅडम, आमच्या देशाला ७५ हजार टनांची परवानगी मिळाली म्हणे! अजून दोन कंटेनर पाठवा.” बातमी खरी होती. पण ती निर्यात नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स या सहकारी संस्थेमार्फतच होणार होती, माझ्यासारख्या खासगी निर्यातदाराच्या आयात-निर्यात कोडवरून नव्हे. हे समजावताना माझाच आवाज सरकारी झाला.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशच्या कालानमक तांदळाला १,००० टनांची खास सूट मिळाली. तेव्हा मी खरी चिडले. मुळशीच्या आंबेमोहोरालाही भौगोलिक मानांकन आहे, तो मात्र ‘इतर’मध्येच राहिला. कालानमकवाल्यांचा राग नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी फाइल हलवली असणार. आपल्याकडे ती कुणी हलवायची, हे मी दोन-तीन ठिकाणी विचारलं. प्रत्येकाने पुढच्याचं नाव सांगितलं.

२८ सप्टेंबर २०२४ ला बंदी उठली, पण टनाला किमान ४९० डॉलरची अट घालून. इंद्रायणीचा भाव त्याच्या बराच वर, त्यामुळे आम्हाला अडचण नव्हती. २३ ऑक्टोबरला तीही अट गेली. त्याच आठवड्यात चौथ्या कंटेनरचं बिल टाकायला बसले. मालाच्या वर्णनात ‘इंद्रायणी, मावळ’ असं मी स्वतः टाइप केलं. शेजारच्या रकान्यात नानांच्या पोराने १००६३०९० टाकलं, आणि विचारलं, “ताई, शुल्काची पावती लागत नाही आता. जुनी फाइल फेकू?”

“हात लावू नकोस,” म्हटलं.