तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगा फादर कधी होणार?

परवा साताऱ्यात पोवई नाक्यावर भाजी घेताना एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ख्यालीखुशाली झाली आणि मग तिने विचारलंच, "बाई, आपला दादा अजून ब्रदरच आहे का? फादर कधी होणार?" गेली सहा वर्षं हे मला शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, चर्चच्या आवारातही कोणीतरी विचारतंच. हातात भाजीची पिशवी घेऊन याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून सांगते.

तो फादर होणार नाही. त्याला ब्रदर व्हायचं होतं, तो ब्रदर झाला.

गोंधळ होतो तो नावामुळे. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकणाऱ्या मुलांनाही आपल्याकडे ब्रदरच म्हणतात आणि ती पुढे दीक्षा घेऊन फादर, म्हणजे धर्मगुरू, होतात. त्यामुळे ब्रदर म्हणजे वाटेवरचा फादर असं सगळ्यांना वाटतं. पण शिक्षणाला, रुग्णसेवेला, निराधार मुलांना वाहून घेतलेले ब्रदरांचे स्वतंत्र संघ आहेत. आपल्या महाराष्ट्रातच बोरिवलीच्या माउंट पोयसरला फ्रान्सिस्कन ब्रदरांचं मोठं केंद्र आहे. हे लोक दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. मिस्सा अर्पण करणं, पापनिवेदन ऐकणं ही धर्मगुरूंची कामं, ती ब्रदर करत नाहीत. माझ्या मुलाचा पगार संघाच्या सामायिक खात्यात जातो. त्याला चप्पल घ्यायची झाली तरी तो वरिष्ठांकडे पैसे मागतो.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही हे पटलं नव्हतं. मुलाच्या हातून ख्रिस्तप्रसाद घ्यावा, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. त्याने फोनवर "ब्रदर होणार" म्हणून सांगितलं, त्या रात्री मी जेवले नाही. "एवढं सगळं सोडायचंच आहे, तर पूर्ण तरी हो," असं मी त्याला बोलले. तो काही म्हणाला नाही. ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

तेव्हा मला आठवायला हवं होतं ते नंतर आठवलं. मी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच कराड तालुक्यात. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, कारखान्याच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडायच्या. आईबाप पहाटेच फडात जायचे आणि दहा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळत कोपीत बसायची. माझा मुलगा सातवीत असताना संध्याकाळी तिकडे जायला लागला. खेळायला जातो असं मला वाटायचं. एकदा शोधत गेले, तर हा मातीत काडीने पाढे लिहून चार पोरांना म्हणायला लावत होता. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, कोप्या मोडल्या, पोरं गेली. तो दोन दिवस गप्प होता. मग त्याने विचारलं, "आई, त्यांचा तेराचा पाढा राहिला. आता कोण घेणार?"

ब्रदरांच्या परंपरेतलं मोठं नाव म्हणजे संत जाँ-बाप्तिस्त द ला साल. त्यांचा जन्म १६५१चा, फ्रान्समधल्या रँस शहरातला. घर श्रीमंत, स्वतः धर्मगुरू, कॅथेड्रलमध्ये मानाचं पद. गरिबांच्या शाळेत शिकवणारे मास्तर तेव्हा धड शिकलेले नसत आणि धड जेवलेलेही नसत. त्यांना ते १६८१ मध्ये स्वतःच्या घरी राहायला घेऊन आले. नातेवाईक इतके संतापले, की त्यांच्या धाकट्या भावांना घरातून घेऊन गेले. पुढे त्यांनी पद सोडलं आणि दुष्काळात संपत्ती अन्नदानात घालवली. मुलांना लॅटिनऐवजी फ्रेंचमधून वाचायला शिकवायचं हा त्यांचाच आग्रह. पोपनी १९५० मध्ये त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं.

याच द ला साल यांनी एका गुणी ब्रदरला धर्मगुरुपदासाठी तयार करायला घेतलं होतं. तो अचानक वारला. त्यात त्यांना देवाची इच्छा दिसली, आणि आपल्या संघात कोणीही धर्मगुरू व्हायचं नाही असं त्यांनी ठरवलं. शिकवणाऱ्याचं सगळं लक्ष मुलांकडेच राहावं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये स्पष्ट केलं, की धर्मगुरुपदाशिवायचं हे व्रतस्थ जीवन स्वतःतच पूर्ण आहे. "पूर्ण तरी हो" म्हणणाऱ्या माझ्यासारखीने हे आधी वाचायला हवं होतं.

साताऱ्यात राहून मला हे उशिरा कळावं याचंच वाईट वाटतं. रयतचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आमचे अण्णा, यांनी १९२४ साली इथेच सगळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात आणलं. पोरांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. आयुष्यभर संस्थेला वाहून घेतलेल्या रयतच्या आजीव सेवकांना कोणी विचारलं नाही, की तुम्ही पुढे कोण होणार.

गेल्या वर्षी मी त्याच्याकडे चार दिवस राहून आले. विदर्भातलं आडगाव, वसतिगृहात एकशे दहा मुलं. पहाटे प्रार्थना, मग शाळा, संध्याकाळी अभ्यासिका. तिसऱ्या रात्री एका लहानग्याला ताप आला. रात्री दोनला मला जाग आली, तर हा त्याच्या उशाशी बसून कपाळावरची घडी बदलत होता. मुलगा ग्लानीत त्याला "आई" म्हणाला. हा "हो" म्हणाला आणि घडी पुन्हा पाण्यात बुडवली. मी दारातूनच मागे फिरले.

येत्या मे महिन्यात त्याची आजीवन व्रतं आहेत. मी कंदी पेढे घेऊन जाणार आहे, एकशे दहा पोरांना पुरतील इतके. कोणाला सोबत यायचं असेल तर एप्रिलच्या आत सांगा, रेल्वेची तिकिटं एकत्रच काढू.