सहा प्रती

दुकानात काउंटरखाली, ए-फोरच्या रिमांच्या मागे, निळ्या प्लास्टिकची एक फाइल आहे. परवा दुकानाला रंग काढायला घेतला तेव्हा कामावरच्या पोराने ती बाहेर काढली, उघडून बघितली आणि म्हणाला, "काका, एकाच कागदाच्या सहा झेरॉक्स आहेत. २०१८ च्या. रद्दीत घालू?"

मी फाइल त्याच्या हातातून काढून घेतली. जरा जोरातच घेतली असणार, कारण पोरगं एकदम गप्प झालं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्यामुळे त्याला तेव्हा काही सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

माझं झेरॉक्सचं दुकान ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ. कोर्ट आणि कलेक्टर कचेरी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दिवसभर उत्पन्नाचे दाखले, डोमिसाइल, सातबारे, प्रतिज्ञापत्रं असले कागद हाताखालून जातात. माणूस मूळ कागद जिवापाड जपतो आणि झेरॉक्स देऊन टाकतो. एक या खिडकीवर, एक त्या टेबलावर. माझ्या फाइलमधल्या सहा प्रतीही अशाच देऊन टाकण्यासाठी काढल्या होत्या. त्यातली एकही कुणाला देता आली नाही.

२०१८ मध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. हिने कधी कशाचा हट्ट धरला नाही, पण लडाखमधला पँगाँग तलाव मात्र तिला बघायचा होता. वाण्याने दिलेल्या कॅलेंडरवर त्या तळ्याचा फोटो आला होता. तो महिना संपला, पुढचाही संपला, तरी हिने ते पान काही उलटलं नव्हतं. तारखा बघायला आम्ही मोबाइल काढायचो. जून-जुलै म्हणजे ॲडमिशनची गर्दी, तेव्हा दुकान बंद ठेवणं शक्यच नाही. गणपती त्या वर्षी १३ सप्टेंबरला होते. मग राखी झाल्या झाल्या निघायचं आणि गणपतीच्या आत परतायचं असं ठरलं.

आमचं घर खारकर आळीत. खाडी जवळच. जन्मभर समुद्रसपाटीला राहिलेली आम्ही दोघं दिल्लीहून सकाळच्या विमानात बसलो आणि सव्वा-दीड तासात साडेतीन हजार मीटरवर, लेहला जाऊन उतरलो. तिथल्या हवेतही प्राणवायू आपल्यासारखाच २१ टक्के असतो. पण हवाच विरळ, दाब आपल्याकडच्या साधारण दोन तृतीयांश. एका श्वासात आत जातं ते कमीच जातं. हे सगळं मी निघण्याआधी वाचलं होतं. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या, हेही वाचलं होतं.

पहिला दिवस आम्ही खरंच झोपून काढला. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या बाई साठीच्या असतील. दारातच "जुले" म्हणून त्यांनी हात जोडले आणि ताटलीत जर्दाळू ठेवले. नुब्रा खोरं आणि पँगाँगसाठी तेव्हा परवाना लागायचा. तो त्यांच्या मुलाने डीसी ऑफिसमधून, म्हणजे तिथल्या कलेक्टर कचेरीतून, करून आणला आणि बजावलं, याच्या सहा प्रती काढून ठेवा, प्रत्येक चेकपोस्टवर एक द्यावी लागते. नुब्राला जाताना खारदुंगला खिंडीच्या वाटेवर साउथ पुल्लूला, पँगाँगच्या वाटेवर कारूला, पुढे तांगत्सेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात जाऊन झेरॉक्स काढल्या. धंद्याची सवय, मशीनकडे लक्ष गेलंच. पण खरी गंमत कागदाची होती. आमच्याकडे ऑगस्टमध्ये कागद ओल धरतो, कडा वाकतात, ट्रेमध्ये एकाला दुसरा चिकटून जातो आणि दर तासाला मशीन अडकतं. मी पावसाळ्यात रिमांच्या कपाटात बल्ब पेटता ठेवतो. तिथे कागद पापडासारखा कडक. सहाच्या सहा प्रती खटाखट बाहेर पडल्या, एकावर एक ठेवताना वाजत होत्या. दुकानदाराला म्हटलं, मीही याच धंद्यातला, ठाण्याचा. त्याने पाच प्रतींचे पैसे घेतले, सहाव्याचे घेतले नाहीत.

पुढे घडलं त्यात चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांनाही बरं वाटत होतं. मी म्हटलं, शांती स्तूप बघून येऊ. वरपर्यंत गाडी जाते. पण पायऱ्याही आहेत, पाचशेच्या वर. ही म्हणाली, "अहो, गाडीनेच जाऊ." मी म्हटलं, "हळूहळू चढू. बसत बसत जाऊ." ती चढली. वर गेल्यावर सगळं लेह सोनेरी दिसत होतं. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, बघत राहिलीय.

रात्री कोरडा खोकला सुरू झाला. सर्दी असेल म्हणून मी वाफ दिली, क्रोसिन दिली. डोकेदुखी आणि उलटी झाली तर ती उंचीमुळे हे मला माहीत होतं, पण खोकल्याचं माहीत नव्हतं. अडीच वाजता जाग आली तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती. आडवं झालं की गुदमरतं म्हणाली, तेही दोन तुकड्यांत. बसल्या जागी धाप. मी दिवा लावला. ओठांचा रंग जांभळट होता. छातीशी कान नेला तर आत पाणी खळखळल्यासारखा आवाज.

मी दार ठोठावलं. बाई आल्या, एकदाच तिच्याकडे बघितलं आणि मुलाला हाक मारली. कुणी काही विचारलं नाही. दहा मिनिटांत आम्ही सरकारी हॉस्पिटलमध्ये होतो. तिथल्या लोकांना हे रोजचं. बोटाला चिमटा लावला, रक्तातल्या प्राणवायूचा टक्क्यांतला आकडा बघितला आणि प्राणवायूचा मास्क तोंडावर आला. एक्स-रे नंतर काढला.

डॉक्टरांनी मला पहाटे समजावून सांगितलं. इतक्या उंचीवर प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात. सगळ्या सारख्या आवळत नाहीत. ज्या मोकळ्या राहतात त्यांच्यावर दाब वाढतो आणि पाणी झिरपून फुप्फुसात उतरतं. बहुतेक वेळा हे वर आल्यावर दोन ते चार दिवसांत होतं, बरेचदा रात्री, आणि आधी दमणूक झाली असेल तर जास्त. धडधाकट माणसालाही होतं. मी पायऱ्यांचं सांगितलं. ते माझ्यावर चिडले नाहीत. "लवकर आणलंत, चांगलं केलंत," एवढंच म्हणाले. आणलं होतं त्या बाईंनी.

आता त्या प्रतींबद्दल.

तिच्या पर्समध्ये त्या घडी घालून ठेवलेल्या होत्या. नर्सने आकडे लिहून ठेवायला सांगितले, तेव्हा माझ्याकडे दुसरा कागद नव्हता. मी एका प्रतीची पाठ घेतली. आज ती समोर ठेवूनच हे लिहितोय. वरच्या बाजूला माझ्या अक्षरात: २.५० – ६१. त्याखाली ३.१५ मास्क – ८४. ४.०० – ८८. ६.०० – ९०. मग सकाळी "बाथरूम, मास्क काढून – ७३" आणि त्याभोवती मी पेनाने इतक्या वेळा गोल काढलाय की तिथे कागद फाटायला आलाय. दुसऱ्या दिवशी मास्क काढून ७९, तिसऱ्या दिवशी ८५. ६१ चा अर्थ मला त्या रात्री कळत नव्हता, हे बरंच झालं.

आणि त्याच कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तिचं अक्षर आहे. मास्क असल्याने बोलता येत नव्हतं. तिने खुणेने पेन मागितलं. हात थरथरत होता, ओळ तिरपी खाली गेलीय, "सांगू" मधला अनुस्वार कुठल्या कुठे पडलाय. लिहिलंय: "बाबूला सांगू नका."

बाबू म्हणजे आमचा मुलगा. पुण्यात त्याची पहिली नोकरी, रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. माझं सिम प्रीपेड, बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम तिथे चालत नव्हती. घरमालकीणबाईंच्या मुलाने स्वतःचा फोन माझ्या हातात देऊन ठेवला होता. मी तो दोन दिवस खिशात घेऊन फिरलो आणि बाबूला फोन केला नाही. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता येत नाही. बाबूच्या मते चूकच, आणि तो आजही तसं म्हणतो.

नुब्राला नेणार होता तो ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये आला. विशी-बाविशीचा पोरगा. गाडीसाठी आगाऊ दिलेले पैसे पूर्ण परत घेऊन आला होता. मी म्हटलं, अरे, तुझा दिवस बुडाला, थोडे तरी ठेव. तो नाहीच म्हणाला. हिच्याकडे बघून "जुले, आमा-ले", म्हणजे नमस्कार आई, म्हणाला आणि गेला. बाई रोज दुपारी डब्यात पातळ थुक्पा, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, आणायच्या. हिला चार घास जायचे, उरलेला मी खायचो.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी जायला परवानगी दिली. लेहहून विमानं बहुतेक सकाळच्या वेळी सुटतात, दुपारी वारा फार. दिल्लीला उतरल्यावर ती जिन्यावरून खाली आली, विमानतळावरच्या त्या उकाड्यात थांबली आणि तिने लांब श्वास घेतला. मग आणखी एक. लोक बाजूने पुढे जात होते. मी तिची पिशवी धरून उभा राहिलो.

त्या प्रवासातलं बाकी काहीच उरलं नाही. बोर्डिंग पास थर्मल कागदावरचे. तो कागद उष्णतेने काळा होतो आणि काळाबरोबर पांढरा पडतो. आज त्यांच्यावर एक अक्षर दिसत नाही. औषधांच्या बिलांचंही तेच. म्हणून मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, पावती महत्त्वाची असेल तर आजच झेरॉक्स काढून ठेवा. टोनर म्हणजे बारीक पूड, ती मशीनच्या उष्णतेने वितळून कागदाला घट्ट बसते. परवान्याच्या प्रती म्हणून जशाच्या तशा आहेत. आमची दोघांची नावं, वयं, शिक्का, सही, आणि वर "जम्मू-काश्मीर". ३१ ऑक्टोबर २०१९ ला लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. २०२१ पासून भारतीय पर्यटकांना तो परवानाही लागत नाही. कागद आता ठाण्याच्या हवेने मऊ पडलेत, वाजत नाहीत.

लॅमिनेट करायचं मनात आलं होतं. मशीन माझंच, दोन मिनिटांचं काम. पण पेनाच्या त्या गोलावरून बोट फिरवलं की अजून खळगा लागतो. लॅमिनेशनखाली तो लागला नसता.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या इमारतीत घरोघरी ऑक्सिमीटर आले तेव्हा शेजारच्या आजोबांचा आकडा ८६ झाला. त्यांची सून म्हणत होती, उद्या सकाळपर्यंत बघू. मी ही फाइल घेऊन वर गेलो, तो कागद तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, सकाळची वाट बघू नका. रात्रीच बेडसाठी फोनाफोनी सुरू केली. आजोबा १६ दिवसांनी घरी आले.

लोक विचारतात, परत जाणार का? डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकदा झालं की पुन्हा होण्याचा धोका जास्त. जायचंच असेल तर रस्त्याने, टप्प्याटप्प्याने, आधी औषध घेऊन जा. मी एकदा विषय काढला. ही म्हणाली, "तुम्ही आणि बाबू जाऊन या." तिच्याशिवाय जायची माझी इच्छा नाही.

सहा प्रतींतल्या चार मागून कोऱ्या आहेत. एकीवर ते आकडे. सहावी मला वेगळी जपावी लागते, कारण तिच्यावर तेलाचे डाग आहेत. आम्ही परत आलो आणि आठवड्याभरात गणपती आले. हिला स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं. पर्समधून हाताला लागला तो कागद घेऊन तिने शेजारच्या वहिनींना यादी सांगितली: तांदळाची पिठी १ किलो, नारळ ७, गूळ, वेलची, केशर, वाती. मी बघितलं आणि म्हटलं, अगं, हा कागद कशाला? ती म्हणाली, "पाठ कोरी होती."

जांभळी नाक्यावरच्या वाण्याने सामान काढताना प्रत्येक ओळीपुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केलीय. यादी सगळी वहिनींच्या अक्षरात आहे. फक्त शेवटचा शब्द हिचा, वहिनी उठून गेल्यावर आठवला म्हणून तिने स्वतः घातलेला. सरळ, गोल, ठळक: कापूर.