बीम नसलेला स्लॅब आणि वर कास्टिंगचा माल

शिरोली एमआयडीसीतली आमची दुमजली इमारत फ्लॅट स्लॅबची. बीम नाहीत, स्लॅब थेट कॉलमवर टेकलेला. वरचं ऑफिस हलवून तिथं तयार कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, ठेवायचं ठरलं, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना बोलावलं. मिस्त्रींना ते फुकटचं वाटलं. "मालक, पंधरा वर्सं उभीच हाय की!"

मॅडमनी कोअर, म्हणजे स्लॅबचा गोल नमुना, काढून काँक्रीट तपासलं, एम २० ताकदीचं निघालं. मग मधल्या एका कॉलमचा हिशोब मांडला. स्लॅब २०० मिलिमीटर, कॉलम ४०० बाय ४००. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, कॉलमभोवतीच्या स्लॅबची पंचिंग शिअरची ताकद, म्हणजे कॉलम आरपार घुसू न देण्याची ताकद, साधारण ४४ टन. दीडपट सुरक्षितता धरून ऑफिसचा भार ४२ टन, मालाचा ६२! वाकून मोडणारा स्लॅब आधी झोळ दाखवतो. इथं मात्र भाकरीत बोट घुसावं तसा कॉलम स्लॅबमधून आरपार जातो, तोही जवळपास न सांगता. एक सांधा गेला की त्याचा भार शेजारच्यांवर. १९९५ साली दक्षिण कोरियातल्या सोलचं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर असंच कोसळलं, ५०२ माणसं गेली. तेही फ्लॅट स्लॅबचंच.

धाकटा भाऊ म्हणाला, वरून चार इंच काँक्रीट ओतू. जुन्या-नव्याची पकड नीट बसली तर चालतं, पण ते वजनही फुटिंगवरच, म्हणजे कॉलमखालच्या पायावरच येणार. स्लॅबला भोकं पाडून पोलादी बोल्ट घालायचे, तर कॉलमजवळ वरच्या सळ्या दाट. एखादी कापली गेली तर दुखण्यापेक्षा औषध भारी. शेवटी कॉलमला वर, स्लॅबला लागून, ८०० मिलिमीटर चौरसाचं रुंद डोकं बांधायचं ठरलं. ताकद ७५ टनांवर गेली. फुटिंग उकरून तपासलं, स्लॅबची वाकण्याची ताकदही पाहिली. दोन्ही पुरेसं होतं.

खरी कसोटी कामात होती. आधी मजला रिकामा करून जॅक लावले आणि स्लॅबचं वजन थोडं उचलून धरलं. नाहीतर नवं डोकं नुसतं शोभेला राहतं, जुना भार जुन्याच सांध्यावर. कॉलम टाचून खडबडीत केला, केमिकल लावून सळ्या रोवल्या. खालून काँक्रीट भरलं तर स्लॅबखाली फट राहतेच. म्हणून सळ्यांची जागा स्कॅनरनं पाहून वरून भोकं पाडली आणि मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं पातळ काँक्रीट, ओतलं. दुसऱ्या भोकातून ते वर येईपर्यंत मॅडम हलल्या नाहीत. काँक्रीटला पूर्ण ताकद येईस्तोवर जॅकही हलवू दिले नाहीत.

आता चौरस मीटरला ७५० किलोची मर्यादा. म्हणजे क्रेटचा एकच थर. हमालांना ते अजून पटलेलं नाही.