कार्यालयातील जुन्या हार्ड डिस्क निकालात काढताना

पुण्यातील आमच्या करसल्ल्याच्या कार्यालयातील दोन जुने संगणक यंदा काढून टाकायचे ठरले, तेव्हा प्रश्न होता तो आतल्या हार्ड डिस्कचा. अशिलांची पॅन आणि आधार कार्डे, फॉर्म १६, बँकेचे उतारे, विवरणपत्रे असे बरेच काही त्यांवर वर्षानुवर्षे साठले होते. आवश्यक नोंदी नव्या संगणकावर उतरवून त्या उघडतात याची खात्री करून घेतली आणि मगच पुसण्याच्या कामाला हात घातला.

दोन्ही डिस्कची अवस्था सारखी नव्हती. एक ५०० जीबीची डिस्क धडधाकट होती, तर दुसरी वीज दिली की टक्-टक् आवाज करून गप्प बसत असे आणि संगणकाला दिसतच नसे. भंगारवाल्यांना विचारले, तर त्यांनी बंद डिस्क बाजूला सारत सांगितले, “साहेब, ही मेलेली आहे, हिची काळजी कशाला करता?” मला मात्र खरी धास्ती तिचीच होती. अशा डिस्कमध्ये बहुधा माहिती वाचणारे हेड किंवा सर्किट बिघडलेले असते; तबकड्यांवरची चुंबकीय नोंद जागच्या जागी राहते आणि माहिती परत मिळवून देण्याचा व्यवसाय करणारे लोक सुटे भाग बदलून ती वाचू शकतात. शिवाय जी डिस्क चालतच नाही, तिच्यावर पुसण्याची कोणतीही आज्ञा पोहोचत नाही.

आधी धडधाकट डिस्क हाती घेतली. फाइल डिलीट केल्याने किंवा क्विक फॉरमॅट केल्याने केवळ अनुक्रमणिका जाते, मजकूर तसाच राहतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. डिस्क नीट पुसण्यासाठी पस्तीस वेळा पुनर्लेखन, म्हणजे जुन्या मजकुरावर नवे काही लिहिणे, करावे लागते ही समजूत मात्र अजून टिकून आहे. तिचा उगम संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधात असून, तो आराखडा त्या काळातील वेगवेगळ्या डिस्कसाठी होता आणि आधुनिक डिस्कसाठी तो सरसकट वापरण्यात अर्थ नाही, असे खुद्द त्यांनीच पुढे स्पष्ट केले. मी डिस्कच्या अंगचीच ‘सिक्युअर इरेज’ ही सोय वापरली, म्हणजे एका आज्ञेवर डिस्क स्वतःच सगळीकडे शून्ये लिहून स्वतःला पुसते; कारण साधे पुनर्लेखन खराब ठरवून वगळलेल्या सेक्टरपर्यंत, म्हणजे डिस्कवरच्या लहान कप्प्यांपर्यंत, पोहोचत नाही. यूएसबी अडॅप्टरमधून ही आज्ञा पुष्कळदा जात नाही, म्हणून डिस्क थेट संगणकाच्या आतल्या साटा केबलने जोडली आणि चुकून दुसरेच काही पुसले जाऊ नये म्हणून बाकीच्या सर्व डिस्कच्या केबल काढून ठेवल्या. पेनड्राइव्हवरून लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू करून तिच्यातील ‘एचडीपार्म’ या डिस्क हाताळण्याच्या साधनाने पाहिले, तर डिस्क ‘फ्रोझन’ होती, म्हणजे पुसण्याची आज्ञा स्वीकारत नव्हती. संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे बायोसच, सुरुवातीला तसे कुलूप घालतो. संगणक झोपवून (स्लीपमध्ये टाकून) पुन्हा जागा केला, कुलूप निघाले, तात्पुरता पासवर्ड लावून आज्ञा दिली आणि दीड-दोन तासांत काम झाले. नंतर पूर्ण डिस्क शून्यांशी ताडून पाहिली, तेव्हा एकही वेगळा बाइट आढळला नाही. ही पडताळणी कंटाळवाणी असते, पण ती केल्याशिवाय डिस्क पुसली असे मी म्हणणार नाही.

बंद डिस्क उघडण्यासाठी सहा टोकांचा टॉर्क्स पाना लागला. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलेना, तेव्हा लेबलावरून बोट फिरवले. एके ठिकाणी कागद किंचित दबला आणि त्याखाली आणखी एक स्क्रू सापडला. आतल्या तबकड्या अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. त्या बाहेर काढून पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंचा आरशासारखा थर खरवडला आणि पकडीत धरून दुमडल्या. लॅपटॉपच्या लहान डिस्कमध्ये तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटल्या की कपचे उडतात, त्यामुळे तिथे चष्मा आणि हातमोजे हवेतच. घरातले लोहचुंबक फिरवून डिस्क पुसली जाते, हा निव्वळ भ्रम आहे.

उरलेला सांगाडा आणि पुसलेली डिस्क ई-कचऱ्यात द्यायची होती. पहिल्या संकलकाने ‘माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र’ देऊ केले, पण त्यात केवळ वजन होते, अनुक्रमांकाचा रकानाच नव्हता. कोणती वस्तू नष्ट झाली हेच ज्यात लिहिलेले नाही, तो कागद अशिलाला कोणत्या तोंडाने दाखवायचा? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तशी नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने दोन्ही अनुक्रमांक पावतीवर लिहून दिले.

नव्या संगणकांत एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्क आहेत. त्यांत चिप कुठे काय लिहिते यावर आपला ताबा नसतो आणि पुनर्लेखनाचा भरवसा धरता येत नाही, म्हणून अशिलांची एकही फाइल टाकण्यापूर्वी सगळी डिस्क सांकेतिक रूपात ठेवणारी विंडोजची बिटलॉकर ही सोय सुरू केली आणि तिची रिकव्हरी की, म्हणजे अडचणीत डिस्क उघडण्याचा क्रमांक, कागदावर छापून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवली.