मग दुसरं कुठलं औषध?

तुम्ही विचारलंत, "दर महिन्याला जंताचं औषध पाजतोय, तरी शेळ्या खंगतात. दुसरं कुठलं चांगलं आहे?" खानापूर भागात शेळ्या पाळणारं कुणीही भेटलं की हाच प्रश्न असतो.

मीही चार वर्षं तेच केलं. महिना भरला की सगळ्यांना अल्बेंडाझोल, तेही अंदाजानं. मग एका श्रावणात दोन दुभत्या शेळ्या गेल्या. ना हगवण, ना ताप. जबड्याखाली पाण्याची सूज लोंबत होती आणि पापणी आतून पांढरीफटक. शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हीमॉन्कस नावाचा जंत हे करतो. त्याची एक मादी दिवसाला 5,000 वर अंडी घालू शकते.

औषधानं साधे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढची पैदास त्यांचीच होते. त्यात शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून मेंढीच्या हिशेबाची मात्रा तिला कमी पडते. अल्बेंडाझोलच्याच घराण्यातलं थायाबेंडाझोल 1961 साली आलं. 1964 मध्ये त्याला न जुमानणारे जंत सापडलेसुद्धा.

म्हणून बाटली बदलण्याआधी लेंड्या तपासून घ्या. एकदा पाजण्यापूर्वी, एकदा 14 दिवसांनी. अंडी 95 टक्क्यांनीही घटली नाहीत, तर ते औषध तुमच्या गोठ्यात थकलंय असं समजा. पुढचं औषध आणि मात्रा डॉक्टरांनी वजन बघून ठरवावी.

मला पटायला सगळ्यात जड गेलं ते पुढचं: सगळ्यांना पाजायचं नाही. दक्षिण आफ्रिकेत पापणीच्या रंगाचा तक्ता निघालाय, त्याचं नाव ‘फामाचा’ (FAMACHA). 1 म्हणजे लालबुंद, 5 म्हणजे पांढरी. 4 आणि 5 ला पाजायचंच, 3 वर नजर ठेवायची, बाकीच्यांना सोडायचं. औषध हातात असताना शेळीला तसंच सोडताना जीव खालीवर होतो. पण त्या न पाजलेल्या शेळ्यांच्या लेंड्यांतूनच साधे जंत रानात टिकतात आणि चिवटांची गर्दी होऊ देत नाहीत.

जंताच्या अळ्या ओल्या गवतावर बुंध्यापासून थोड्याच उंचीपर्यंत चढतात. दव सुकल्यावर शेळ्या सोडा म्हणतात, पण आपल्याकडच्या पावसात आठ-आठ दिवस ऊन नसतं. तेव्हा मी फणसाचा, उंबराचा पाला उंच टांगतो.

काल 23 पापण्या बघितल्या. चौघींना पाजलं. तांबडी 3 वर आहे, गाभण आहे. तिची पापणी मी रोज बघतोय.