तार धर

झटका मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा जुन्या तारेचा विषय कुणाच्या डोक्यातही नव्हता. रानडुकरं मका लोळवतात. काटेरी तारेला ती भीक घालत नाहीत, खालून उकरून आत येतात. म्हणून पुतण्यानं बांधाला सौरऊर्जेवरचं मशीन बसवायचं काढलं. त्याची तार वेगळी, गुळगुळीत. जुनी तिला कुठं चिकटली की सगळा झटका वाया, तेव्हा जुनी आधी काढायला हवी. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी गावी गेलेलो. म्हटलं, मी काढतो. तार गुंडाळायची, त्यात काय आहे?

चैत्रातली दुपार, माणदेशातलं ऊन. दादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, निंबाखाली खाटेवर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो शेती तोंडानं करतो.

मी बांधणीच्या तारा पकडीनं तोडल्या, काटेरी तारेचं एक टोक धरलं आणि जागेवर उभा राहून ओढायला लागलो. तार तरवडात अडकली. सोडवली, तर बोरीत अडकली. तिथून सोडवली, तर माझ्या पँटीत.

“आरं, वढू नगंस!” निंबाखालून हाक आली. “तार वढायची नसती. आपुन तिच्याकडं जायाचं.”

म्हणजे असं, की टोकाला स्कूटरच्या टायरएवढं कडं करायचं, जमिनीवर उभं धरायचं आणि चाकासारखं लोटत तारेच्या दिशेनं चालत राहायचं. तार आपल्याकडे येत नाही, आपण तिला उचलत पुढं जातो. चाळीसेक पावलं झाली की तोडायची, चार ठिकाणी बांधायची, दुसरं कडं सुरू. मी हावरेपणानं पहिलं बंडल ऐंशी पावलांचं केलं. ते उचलायला तिघं लागले आणि तिघांच्याही तोंडून एकच शिवी आली. ताणातली तार तोडताना बाजूला उभं राहून तोंड फिरवायचं हेही दादानंच सांगितलं, पण तोडून झाल्यावर. सप्पकन कानाजवळून गेली.

एक गंमत मात्र कळली. साधी तार गुंडाळून हात सोडला की भसकन उलगडते. काटेरी तसं करत नाही. काटे एकमेकांत अडकतात आणि बंडल आपलं आपण बसून राहतं. जी बाहेर कुणालाही सुखानं जाऊ देत नाही, ती स्वतःशी गुण्यागोविंदानं राहते. अशी माणसंही मला ठाऊक आहेत, पण ते राहू द्या.

तारेवर काय काय होतं! मेंढ्यांच्या लोकरीचे काळे-पांढरे पुंजके. एका काट्यावर वाळून खडंग झालेला नाकतोडा. खाटीक पक्ष्याचा उद्योग तो, शिकार काट्याला टोचून ठेवतो, मग सवडीनं खातो. हा बहुधा विसरला. एका जागी तर निंबानं तारच गिळली होती. साल दोन्ही बाजूंनी चढत चढत येऊन मिटलेली, तार एकीकडून आत जाते आणि दुसरीकडून बाहेर येते. दोन्हीकडून तोडली आणि मधली राहू दिली. उद्या कुणी त्या झाडाला करवत लावली तर पात्याचे दात जातील आणि शिव्या आमच्या नावानं निघतील.

या तारेच्या आधी आमच्या बांधाला बोराट्या होत्या. पाऊस सरला की बोरीच्या फांद्या तोडायच्या, बेळक्यानं ढकलत न्यायच्या, एकीत एक गुंतवून रचायच्या. वर्षभरात वाळवी खायची, की पुन्हा पहिल्यापासून. आबांच्या पायात मोडलेल्या काट्यांची मोजदाद नव्हती. पुढं कुठंतरी वाचलं की तिकडं अमेरिकेतही शेतकरी बांधाला काटेरी झाडंच लावायचे. मग इलिनॉयमधल्या डिकाल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं तारेला काटे वळवून बसवले आणि ते सरकू नयेत म्हणून दुसऱ्या तारेचा पीळ दिला. 24 नोव्हेंबर 1874 ला त्याला पेटंट मिळालं. काटे वळायला त्यानं घरातली कॉफी दळायची चक्की वापरली असं सांगतात. बायकोनं काय ऐकवलं ते पेटंटमध्ये नाही. पण मला त्याच्याविषयी आपुलकी वाटते. आमच्या पुण्याच्या घरातही एका ड्रॉवरमध्ये बांधणीच्या तारेचे तुकडे आहेत, आणि त्यांच्यावरून होणारी वादावादी आहे. “लागतात कधीतरी” हे माझं पेटंट वाक्य.

आबांनी बोराट्या काढून तार घेतली तेव्हा मी तिसरीत होतो. दगडी खांब, त्यांना तीन पदर. आबा संध्याकाळी बांधाबांधानं फिरायचे आणि बोटानं तार छेडून बघायचे, वाजते का. वाजली की खूश. आणि आमची शाळा नेमकी तारेपलीकडं, ओढ्याच्या वर. रस्त्यानं गेलं तर मोठा वळसा, तारेतून गेलं तर निम्मं अंतर. तारेतून जायचं नाही असा आबांचा कायदा होता, म्हणजे आम्ही रोज तारेतूनच जायचो.

“तार धर” असं कुणीतरी ओरडायचं आणि दादा धरायचा. मधली तार दोन काट्यांच्या मधोमध मुठीत घेऊन वर उचलायची, खालची पायानं दाबायची. मध्ये जी फट पडते तिच्यातून आधी दप्तरं, मग मुली, मग आम्ही बारके, पाठ वाकवून, श्वास रोखून. दादा सगळ्यांत शेवटी. त्याच्यासाठी कुणी धरायचं नाही. पलीकडून धरता येते हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण तोवर घंटा झालेली असायची आणि आम्ही पळत सुटलेलो असायचो. दादाचा सदरा पाठीवर काटकोनात फाटायचा. काकू रफू करता करता बोलायची, “समदी प्वारं सुदी येत्यात, तुलाच तेवढी तार दिसत न्हाय व्हय रं?” दादा काही बोलायचा नाही. आम्हीही नाही.

तर गुंडाळत गुंडाळत मी त्या जागेशी आलो. ओळखायला वेळ लागला नाही. बाकी सगळीकडं काट्यांमध्ये चार बोटांचं अंतर, इथं मधल्या तारेवर चांगलं वीतभर. मुठीनं काटे दोन्ही बाजूंना सरकलेले. खालच्या तारेला झोळ. मी सहज मूठ घालून बघितली. अजून जागा उरते.

“दादा,” मी ओरडलो, “इथं ये की जरा. बघ, काय सापडलंय!”

“गुडघा न्हाय येऊ देत. काय हाय?”

“शाळंची वाट. तू तार धरायचास ती.”

दादानं तिकडून डोळ्यांवर हात घेऊन उन्हात बघितलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “तुझं बंडल वाकडं झालंय. सोड आन परत घे.”

झालंच होतं वाकडं. झोळाची तार कड्यावर बसेना, एका बाजूनं फुगून बाहेर आली. मी सोडलं नाही. तसंच चार ठिकाणी बांधलं. तेवढ्यात तळहाताला एक काटा लागला. गावातल्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देताना कंपाउंडरनं विचारलं, “काय करत हुता?” मी म्हटलं, काही नाही, तार.

अकरा बंडलं झाली. भंगारवाल्याला फोन लावायला पुतण्या निघाला तर दादा म्हणाला, “भाव पडलाय. आसू दी, लागती.” गोठ्यात जनावर नाही, जागा भरपूर. आत नेली तर कोपऱ्यात आबांच्या वेळचं उरलेल्या तारेचं एक बंडल आधीच बसलेलं, गंजून लाल, त्याच्यावर कोंबडीनं घर केलेलं. गुंडाळून ठेवलेली तार पुन्हा कुणी उलगडलेली मी आजवर बघितलेली नाही. त्याच्या शेजारी आमची दहा रचली. अकरावं काही केल्या रचता येईना, वर ठेवलं की घसरायचं. पुतण्यानं ते बैलाच्या घुंगुरमाळेच्या खुंटीला टांगलं. तिथं आहे.