दांड्याबाहेरचे पावणेदोन तास

वाळूचा किनारा म्हणजे सोपा किनारा, ही समजूत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, शिकायला येणाऱ्यांच्याच नव्हे, तर त्यांची नोंदणी करून घेणाऱ्या आमच्या कार्यालयाच्याही मनात पक्की बसलेली आहे. खडकाळ किनाऱ्यावर धोका डोळ्यांना दिसतो, म्हणून लोक त्याला भितात. पण त्याच किनाऱ्यावर एखाद्या सुळक्यामागे किंवा वळणाच्या आत शांत पाणी मिळण्याची शक्यता असते. वाळूचा किनारा मैलोन्‌मैल सरळ असतो आणि त्याला आडोसा नसतो. दूरच्या वादळातून निघालेली लांब लाट आली, की असा किनारा एका ठिकाणी नव्हे, तर सगळाच्या सगळा एकदम बंद होतो. शरद ऋतूच्या अखेरीस हे विशेष जाणवते, कारण तेव्हा दूरवर मोठी वादळे सुरू झालेली असतात, दिवस आखूड झालेला असतो आणि ऊन मात्र अजून फसवण्याइतके छान पडते.

त्या दिवशी आम्ही सहा पाहुणे आणि दोन मार्गदर्शक असे निघालो होतो. बंधाऱ्याच्या आडून पाण्यात उतरायचे, किनाऱ्याला समांतर बारा किलोमीटर जायचे, मध्ये वाळूवर उतरून जेवायचे आणि संध्याकाळपूर्वी खाडीच्या मुखाशी पोहोचायचे, असा साधा बेत होता. पाण्याचे तापमान ११ अंश होते आणि हवेचे ९. जमिनीकडून समुद्राकडे आठ नॉटचा वारा होता. अंदाजात लाटेची उंची ०.८ मीटर दिली होती आणि दोन लाटांमधले अंतर दिवसभर नऊ सेकंद राहून रात्री चौदावर जाईल, असे म्हटले होते. अंदाज दाखवणारी बहुतेक ॲप उंचीचा आकडा ठळक छापतात आणि सेकंदांचा आकडा कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकतात, हे मला कायम उलटे वाटत आले आहे. खोल पाण्यात नऊ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १२५ मीटर असते, तर चौदा सेकंदांच्या लाटेची ३०० मीटरच्या पुढे जाते. उंची तीच असली, तरी लांब लाट आपल्याबरोबर कितीतरी जास्त ऊर्जा घेऊन येते, उथळ पाण्यात आल्यावर जास्त उभी राहते आणि मग फुटते. लांब लाटा वेगाने धावतात, म्हणून दूरच्या वादळाची वर्दी सर्वांत आधी त्याच देतात. या वेळी ती वर्दी रात्रीऐवजी दुपारीच आली.

निघताना पाहुण्यांपैकी एक जण कयाकसकट पाण्यात उलटला होता. धडधाकट, पोहण्यात तरबेज आणि सहा जणांत सर्वांत जोरकस वल्हवणारा माणूस. तो हसत उठला. त्याने बिनबाह्यांचा वेटसूट, म्हणजे ओला झाला तरी ऊब धरणारा रबरी पोशाख, घातला होता आणि त्यावर सुती शर्ट व पातळ जाकीट होते. कार्यालयाने पाठवलेल्या यादीत ‘आरामदायक कपडे’ एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे त्याला दोष देणे अवघड आहे. मी त्याला माझा जादा लोकरी थर आणि वाऱ्याला अडवणारा अंगरखा दिला आणि ओला शर्ट आधी काढायला सांगितले. काढला, असे तो म्हणाला.

दीडच्या सुमारास आम्ही जेवणाच्या ठिकाणासमोर पोहोचलो. समुद्राकडून पाहणाऱ्याला फुटणारी लाट दिसत नाही. दिसते ती तिची पाठ, आणि ती पाठ गुळगुळीत, निरुपद्रवी असते. त्या दिवशी पाठीवरून वाऱ्याने मागे फेकलेले तुषार दिसत होते आणि ते आमच्या अंगावर पडल्यानंतर क्षणभराने किनाऱ्याकडून दबका धडाका ऐकू येत होता. जमिनीकडून येणारा वारा लाटेची समोरची भिंत धरून ठेवतो, त्यामुळे ती उशिरा आणि जास्त जोराने कोसळते. मी घड्याळ लावून मोजले, तर दोन माथ्यांमध्ये चौदा सेकंद होते. ओहोटी बारा चाळीसला पूर्ण झाली होती आणि किनाऱ्यापासून दोनशे मीटरवरच्या वाळूच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या लांब उंचवट्यावर, जेमतेम मीटरभर पाणी उरले होते. खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट झाली की लाट फुटते. म्हणजे त्या दांड्यावर जवळजवळ प्रत्येक लाट फुटणार होती.

नेमक्या त्याच वेळी तो जोरकस माणूस गप्प झाला. आधी त्याच्या कयाकची रेघ वाकडी होऊ लागली. मग तो लाइफ जॅकेटच्या खिशाची चेन उघडण्याचा प्रयत्न करताना दिसला. त्याचा अंगठा आणि तर्जनी चेनीच्या टोकावर येत होती, पण मिटत नव्हती. त्याने तीनदा प्रयत्न केला, मग हात खाली ठेवला आणि कुणी पाहिले का हे बघितले. चिडचिड, अडखळते बोलणे आणि बोटांचा बावळटपणा ही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली चालल्याची ओळखीची लक्षणे आहेत. तो थरथरत होता, म्हणजे शरीर अजून उष्णता निर्माण करत होते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट होती.

माझा सहकारी म्हणाला, “आत्ताच आत घेऊ. मी पुढे जातो, तू मोठ्या लाटांचा गट गेला की त्याला सोड. उलटला तर उलटला, दहा मिनिटांत वाळूवर असेल.”

मी नाही म्हणाले. माझा आक्षेप दांड्यावरच्या लाटेपेक्षा तिच्या पलीकडच्या पाण्याला होता. दांड्यावरून आत फेकले गेलेले पाणी ओहोटीच्या वेळी सरळ परत येऊ शकत नाही. ते दांडा आणि किनारा यांच्यामधल्या घळीतून आडवे वाहते आणि दांड्याला जिथे खिंड असते तिथून रिप करंट, म्हणजे समुद्राकडे ओढणारा जोरदार प्रवाह, होऊन बाहेर पडते. उलटलेला माणूस घळीत पडला, तर किनारा पन्नास मीटरवर दिसत असतानाही तो आडवा वाहत जातो आणि खिंडीतून पुन्हा बाहेर येतो. ज्याची बोटे चेन धरू शकत नाहीत, तो उलट्या कयाकमध्ये डोके पाण्याखाली असताना स्प्रे डेकची (कमरेभोवती बसून कयाकचे तोंड झाकणाऱ्या कापडाची) पट्टी ओढून बाहेर निघेल, यावर मी भरवसा ठेवायला तयार नव्हते.

पुढे खाडीपर्यंत ओढत न्यायचे तर दीड-दोन तास लागले असते आणि तेही त्याला वाऱ्यात निष्क्रिय बसवून. मागे फिरणे त्याहून लांब होते. त्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर होता. भरतीच्या पहिल्या तासात पाणी एकूण फरकाच्या बाराव्या भागाने चढते, दुसऱ्या तासात दोन भागांनी आणि तिसऱ्यात तीन भागांनी. हा ढोबळ नियम आहे, पण उघड्या किनाऱ्यावर तो चांगला लागू पडतो. सव्वातीनपर्यंत पाणी सुमारे १.४ मीटर चढले असते आणि दांड्यावर मोठ्या लाटांचा गट वगळता बाकीच्या लाटा न फुटता सरकू लागल्या असत्या. त्याहून जास्त थांबूनही चालणार नव्हते, कारण पूर्ण भरतीला लाट किनाऱ्याच्या वरच्या तीव्र उतारावर धाडकन आपटते आणि तोपर्यंत सूर्यही मावळला असता.

मी रेडिओच्या चॅनेल १६ वर तटरक्षकांना ‘पॅन-पॅन’चा, म्हणजे तातडीचा पण जिवावरच्या संकटाच्या एक पायरी खालचा, संदेश दिला. पलीकडच्या आवाजाने एकही फालतू प्रश्न विचारला नाही. स्थान, माणसे, कपडे, थरथर आहे की थांबली, आणि बोट हवी का. बोट अजून नको, दर वीस मिनिटांनी कळवते, असे मी सांगितले. आमच्या क्षेत्रात ओरडण्यालाच नेतृत्व समजणारे बरेच आहेत. त्यांना तो आवाज एकदा ऐकवला पाहिजे.

मग सात कयाक एकमेकींना खेटून लावल्या, त्या माणसाला मधोमध घेतले, त्याच्या डोक्यावर लोकरी टोपी चढवली, सगळ्यांवरून शेल्टरचे कापड ओढले आणि माझा सहकारी त्याच्या शेजारी थर्मासमधले गोड, कोमट पेय घेऊन बसला. वारा बाहेर ढकलत होता, म्हणून मी त्या तराफ्याला पंधरा मीटरची टो लाइन, म्हणजे ओढायची दोरी, लावली आणि किनाऱ्याकडे तोंड करून संथ वल्हवत राहिले. वाळूच्या टेकडीतली खाच आणि तिच्यामागचा मनोरा एका रेषेत ठेवायचे, एवढेच माझे काम होते. मनोरा डावीकडे सरकला की आपण वाहतो आहोत. या कामाने मी स्वतः ऊबदार राहिले, हे मला तेव्हाही खटकत होते.

आमच्या वादाचे मूळ त्या पंधरा मीटरांतच आहे, असे मला आता वाटते. मला दांडा दिसत होता, तो माणूस दिसत नव्हता. माझ्या सहकाऱ्याला तो माणूस दिसत होता, दांडा दिसत नव्हता. कापडाखालून दर काही मिनिटांनी “थरथर चालू आहे” असे उत्तर येत होते आणि त्यावर मी पुढची वीस मिनिटे विकत घेत होते. सहकाऱ्याने नंतर सांगितले की अडीचच्या सुमारास थरथर काही वेळ मंदावली होती आणि ती उबेमुळे की थकव्यामुळे, हे त्याला ठरवता आले नव्हते, म्हणून तो बोलला नाही. हे न सांगणे मला अजून पचलेले नाही.

तीन दहाला दांड्यावरचा धडाका विरळ झाला. मोठ्या लाटांचे गट सात-आठ मिनिटांनी येत होते आणि त्यांच्यामागे तीन मिनिटांची उसंत मिळत होती. सहकारी आधी आत गेला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्याने पॅडल उभे धरले, म्हणजे या. आडवे धरले की थांबा. तो माणूस दुसरा गेला. मी त्याच्या मागे एक लाट सोडून होते. त्याने एकदाही चूक केली नाही. पाठीमागून येणाऱ्या फेसात पॅडल टेकवून तो सरळ वाळूवर घुसला. उलटली ती सर्वांत उत्तम वल्हवणारी मुलगी, तीही गुडघाभर पाण्यात, आणि खो-खो हसत उठली.

तो माणूस मात्र कयाकमधून उठला, दहा-बारा पावले चालला आणि खाली बसला, मग आडवा झाला. थंडीतून सुटका झाल्यानंतरचा हा काळ धोक्याचा असतो, म्हणून गारठलेल्या माणसाला चालवू नये, चोळू नये आणि आडवेच हलवावे. मदतीला धावणाऱ्या किनाऱ्यावरच्या मंडळींपैकी एक गृहस्थ दारू घेऊन आले होते. दारूने कातडीकडचे रक्ताभिसरण वाढून उष्णता आणखी निसटते, हे त्यांना समजावण्यात माझी मौल्यवान मिनिटे गेली. त्याचे कपडे काढताना आत तो सुती शर्ट निघाला, ओलाच. रुग्णवाहिका आली तेव्हा त्याचे तापमान ३४.३ भरले आणि रात्री तो घरी गेला.

माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे बदललेले नाही. तो म्हणतो, सव्वातीनला वाळूवर कोसळलेला माणूस दीड वाजता कोसळला नसता. यावर माझ्याकडे निर्णायक उत्तर नाही. पुढे तशीच लांब लाट आणि तशीच ओहोटी जुळून आली, तेव्हा आम्ही दोघेच ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारे पोशाख, घालून त्याच दांड्यावर गेलो आणि पाणी सर्वांत कमी असताना त्याने आत जाऊन दाखवले. पहिल्यांदा तो सहज पार झाला. नंतरच्या खेपेला लाटेने कयाक आडवी केली, तो घळीत पडला, आडवा वाहिला आणि खिंडीच्या तोंडाशी पोहोचल्यावर कयाक सोडून पोहत किनाऱ्याला लागला. उलटल्यापासून पाय टेकेपर्यंत अकरा मिनिटे गेली. थंड पाण्यात हातपाय धड चालण्यासाठी साधारण दहा मिनिटे धरतात, याची मी त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, ती धरतात याहून थंड पाण्यासाठी, आणि त्या माणसाने शंभर मिनिटे तुझी वाट पाहिली. मग आम्ही त्याची कयाक शोधायला खिंडीकडे निघालो.